संगणकातील फाइली उघडण्यास विलंब का लागतो? : तुटलेल्या जोडण्यांची परीक्षा व उपाय



शाळाभेटीच्या निमित्ताने नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत हिंडताना एक तक्रार वारंवार कानी येते. ती अशी की, "शाळेचा संगणक फार मंद झाला आहे." मंद म्हणजे नेमके काय, असे खोलात जाऊन विचारले, तर बहुधा निराळेच चित्र दिसते. अक्षरे टंकित करताना विलंब नाही, हिशेबाचा तक्ता झटपट उघडतो, चित्रफीतही नीट चालते. मात्र फाइली पाहण्याची खिडकी, म्हणजे 'फाइल एक्सप्लोरर', उघडली की वरच्या पट्टीत हिरवी रेघ गोगलगायीच्या चालीने पुढे सरकत राहते आणि माणूस हात बांधून बसतो. एखादा मजकूर जतन करावयाचा असला, तरी 'सेव्ह अ‍ॅज'ची खिडकी उघडेपर्यंत तोच प्रकार. यू-डायस प्लसवर किंवा अन्य संकेतस्थळावर कागद चढविताना 'फाइल निवडा' या बटणावर टिचकी मारली की सारे काही थिजून जाते. मग आपण दोष देतो तो संकेतस्थळाला किंवा गावातील रेंजला. वस्तुतः फाइल निवडण्याची ती खिडकी संकेतस्थळाची नसून आपल्याच संगणकाची असते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

या विशिष्ट लक्षणाचे एक अगदी सामान्य, परंतु दुर्लक्षित कारण आहे. ते म्हणजे संगणकाच्या स्मरणात राहून गेलेल्या, पण प्रत्यक्षात तुटलेल्या 'नेटवर्क ड्राइव्ह'च्या जोडण्या. प्रस्तुत लेखात हे कारण, ते ओळखण्याची रीत आणि त्यावरील उपाय क्रमाने सांगण्याचा हेतु आहे. यासाठी कोणतेही सुटे भाग विकत घ्यावे लागत नाहीत आणि तंत्रज्ञाची वाटही पाहावी लागत नाही.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा नुकताच उलटला होता. एका शाळेत गेलो असता कार्यालयाच्या दारात एक पालक तिष्ठत उभा दिसला. ऊसतोडीच्या टोळीची गाडी त्याच संध्याकाळी निघणार होती. मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी बापाच्या स्वतःच्या शाळाप्रवेशाची नोंद, म्हणजे निर्गम उतारा, जोडावयाचा होता. तो आज हाती पडला नाही, तर पुढे पाच-सहा महिने गावाकडे फिरकणे होणार नव्हते. त्या वर्षांच्या नोंदवहीला वाळवी लागलेली होती. पूर्वीच्या एका जाणत्या शिक्षकाने तिच्या पानांची छायाचित्रे वेळीच काढून संगणकात ठेवली होती, तेवढाच काय तो आधार. आणि संगणक तर उघडेना.

मुख्याध्यापक म्हणाले, "साहेब, हे यंत्र कामातून गेले. फॉरमॅट करून मिळावे असा प्रस्ताव लिहून ठेवला आहे."

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. त्यापूर्वी दुसऱ्या एका शाळेत अशाच तक्रारीवर मी स्वतः फॉरमॅट करण्याचा सल्ला दिला होता. यंत्र काही दिवस बरे चालले, पण तीन वर्षांची निकालपत्रके कायमची गेली. तो चटका मनात असल्यामुळे या वेळी प्रथम घड्याळ समोर ठेवले. 'धिस पीसी' उघडण्यास सुमारे एक मिनिट लागले. खिडकी उघडल्यावर त्यात सी व डी यांच्या शेजारी आणखी तीन ड्राइव्ह दिसले, आणि तिन्हींवर तांबडी फुली होती.

चौकशी करता उलगडा झाला. त्यांपैकी एक जोडणी संगणक कक्षातील मुख्य यंत्राची होती. ते यंत्र पावसाळ्यात विजेच्या दाबाने जळाले आणि निर्लेखनाच्या यादीत जाऊन कोठीत पडले होते. उरलेल्या दोन जोडण्या तर शाळेच्या नव्हत्याच. हा संगणक पूर्वी एका कार्यालयात वापरात होता व तेथून शाळेला मिळाला होता. त्या कार्यालयातील सामायिक फाइलींशी असलेली जुनी नाती तो येथेही मनात धरून बसला होता. तिन्ही जोडण्या तोडल्या, संगणक पुन्हा सुरू केला. खिडकी दोन सेकंदांत उघडली. पान सापडले, उतारा लिहिला गेला आणि तो गृहस्थ दिवस मावळण्यापूर्वी टोळीबरोबर गेला. फॉरमॅटचा प्रस्ताव मंजूर झाला असता, तर ती पानेही निकालपत्रकांच्याच वाटेने गेली असती.

नेटवर्क ड्राइव्ह म्हणजे काय?

ज्या शाळेत चार-सहा संगणक आहेत, तेथे एका यंत्रातील एखादा कप्पा सर्वांसाठी खुला ठेवण्याची सोय असते. इतर संगणकांवर त्या कप्प्याला एक अक्षर दिले जाते. विंडोज हे अक्षर सामान्यतः वर्णमालेच्या शेवटापासून, म्हणजे झेड, वाय, एक्स या क्रमाने सुचविते. यानंतर तो दूरचा कप्पा जणू आपल्याच यंत्रात असल्यासारखा दिसू लागतो. यालाच 'मॅप' केलेला नेटवर्क ड्राइव्ह म्हणतात. जोडणी करताना 'रीकनेक्ट अ‍ॅट साइन-इन' या चौकटीत खूण असली, तर संगणक ती जोडणी कायमची लक्षात ठेवतो आणि प्रत्येक वेळी सुरू होताना पुन्हा जुळविण्याचा यत्न करतो.

सोय चांगली आहे. अडचण येते ती पलीकडचे यंत्र नाहीसे झाल्यावर.

विलंब कसा होतो?

हे समजण्यासाठी आपल्या नित्याच्या व्यवहारातील दृष्टांत घेऊ. गुरुजी हजेरी घेत आहेत. एका मुलाचे नाव पुकारले आणि वर्गातून कोणी म्हणाले, "तो आला नाही, गुरुजी." गुरुजींनी खूण केली व पुढचे नाव घेतले. यात वेळ गेला नाही. परंतु नाव पुकारल्यावर कोणीच काही बोलले नाही तर? गुरुजी थांबतील, पुन्हा पुकारतील, दाराकडे पाहतील, तिसऱ्यांदा पुकारतील, आणि मगच पुढे जातील. नकाराने वेळ जात नाही, मौनाने जातो.

संगणकाचेही असेच आहे. पलीकडचे यंत्र चालू असून त्यातील सामायिक कप्पा मात्र कोणी काढून टाकला असेल, तर "असा कप्पा येथे नाही" हे उत्तर क्षणात परत येते. पण ते यंत्रच बंद असेल, तर उत्तर देणारे कोणी नसते. आपला संगणक हाक मारतो, काही सेकंद थांबतो, पुन्हा हाक मारतो, या खेपेस आणखी जास्त थांबतो. विंडोजच्या परंपरागत रीतीनुसार पहिल्या हाकेनंतर ३ सेकंद, दुसरीनंतर ६ व तिसरीनंतर १२ सेकंद वाट पाहिली जाते. म्हणजे एकंदर २१ सेकंद. यंत्राच्या नावावरून त्याचा पत्ता शोधण्यात जाणारा वेळ आणखी निराळा. अशा तीन मृत जोडण्या असल्या आणि त्यांची पुकारणी एकामागून एक झाली, तर एक मिनिट सहज उलटते. वर सांगितलेल्या शाळेतील एका मिनिटाचे गणित हेच.

फाइल एक्सप्लोरर 'धिस पीसी' दाखविताना प्रत्येक ड्राइव्हला त्याचे नाव व शिल्लक जागा विचारतो. म्हणून आपल्याला हवी असलेली फाइल सी ड्राइव्हमध्ये असली, तरी झेड ड्राइव्हच्या मौनाची शिक्षा आपणांस भोगावी लागते.

परीक्षा

रोगाचे निदान झाल्यावाचून औषध देऊ नये. पुढील तीन परीक्षा क्रमाने कराव्या.

१. घड्याळाची परीक्षा : संगणक सुरू करून 'धिस पीसी' उघडावे व लागलेले सेकंद कागदावर लिहून ठेवावे. उपायानंतर तुलना करण्यासाठी हा आकडा लागतो. "पूर्वीपेक्षा बरे वाटते" हे निदान नव्हे.

२. तारेची परीक्षा : नेटवर्कची तार काढावी किंवा वाय-फाय बंद करावे आणि तीच खिडकी पुन्हा उघडावी. ती आता लगेच उघडली, तर दोष बहुधा तुटलेल्या जोडणीत आहे. कारण नेटवर्कच नाही हे कळल्यावर संगणक हाका मारीत बसत नाही. तार काढूनही विलंब तसाच राहिला, तर कारण अन्यत्र शोधावे.

३. यादीची परीक्षा : 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून रोमन लिपीत 'नेट' हा शब्द, एक जागा सोडून 'यूज' हा शब्द टंकित करावा आणि एंटर दाबावे. लक्षात असलेल्या सर्व जोडण्यांची यादी येते. प्रत्येकीसमोर तिची अवस्था लिहिलेली असते : 'ओके', 'डिस्कनेक्टेड' किंवा 'अनअव्हेलेबल'. कमांड प्रॉम्प्ट नेहमीच्या रीतीने उघडावा, 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' या मार्गाने नव्हे. कारण त्या मार्गाने उघडल्यास आपल्या नित्याच्या जोडण्या यादीत सहसा दिसत नाहीत व "जोडण्या नाहीतच" असा चुकीचा ग्रह होतो.

येथे एक सूचना आवश्यक आहे. तांबडी फुली किंवा 'डिस्कनेक्टेड' हा शब्द दिसला, म्हणजे जोडणी मेलीच असे समजू नये. काही काळ वापर न झाल्यास (नेहमीची मर्यादा १५ मिनिटांची आहे) पलीकडचे यंत्र स्वतःच संबंध तात्पुरता सोडते. अशा ड्राइव्हवर दोनदा टिचकी मारताच तो उघडतो व फुली नाहीशी होते. जो उघडत नाही, आणि ज्याचे यंत्र आता अस्तित्वातच नाही, तोच खरा मृत समजावा.

उपाय

(१) मृत जोडणी तोडणे : 'धिस पीसी'मध्ये त्या ड्राइव्हवर उजवी टिचकी मारून 'डिस्कनेक्ट' हा पर्याय निवडावा. विंडोज ११ मध्ये तो न दिसल्यास प्रथम 'शो मोअर ऑप्शन्स' निवडावे. खिडकीच थिजत असेल, तर कमांड प्रॉम्प्टवर 'नेट यूज', त्यापुढे ड्राइव्हचे अक्षर व विसर्गचिन्ह, आणि शेवटी तिरपी रेघ देऊन 'डिलीट' हा शब्द रोमन लिपीत लिहावा. अक्षराऐवजी तारकाचिन्ह दिल्यास चांगल्या-वाईट सर्वच जोडण्या तुटतात. म्हणून तो मार्ग टाळावा.

जोडणी तोडल्याने पलीकडच्या यंत्रातील फाइली नष्ट होत नाहीत. पाटी काढली म्हणून घर पडत नाही. याउलट, चालू असलेल्या नेटवर्क ड्राइव्हच्या आत जाऊन एखादी फाइल 'डिलीट' केली, तर ती आपल्या 'रीसायकल बिन'मध्ये न येता थेट नाहीशी होते. 'डिस्कनेक्ट' व 'डिलीट' यांतील हा भेद प्रत्येकाने पक्का ध्यानात ठेवावा.

(२) मागे राहिलेले धागे काढणे : ड्राइव्ह तोडूनही थोडा विलंब उरला, तर खालील जागा तपासाव्या. 'क्विक अ‍ॅक्सेस'मध्ये टाचून ठेवलेले जुने कप्पे व अलीकडील फाइलींची यादी यांत मृत यंत्राचे पत्ते राहून जातात. 'फोल्डर ऑप्शन्स'मधील 'जनरल' या पानावर 'क्लिअर' हे बटण आहे, त्याने ही यादी पुसली जाते. फाइली जशाच्या तशा राहतात. डेस्कटॉपवरील जुने शॉर्टकट काढावे. मजकूर जतन करण्याची नेहमीची जागा झेड ड्राइव्हवर ठरविलेली असल्यास ती बदलावी. तसेच दुसऱ्या यंत्राला जोडलेला छापयंत्र 'डीफॉल्ट' म्हणून नेमलेला असेल व ते यंत्र बंद असेल, तर वर्ड उघडण्यासही वेळ लागतो. तेथे प्रत्यक्ष चालू असलेला छापयंत्र नेमावा.

(३) वीज आल्यावरचा क्रम पाळणे : आपल्या भागात वीज जाण्या-येण्याचा प्रश्न नित्याचा आहे. वीज परत येताच सर्व यंत्रे एकदम सुरू केली, तर मुख्य यंत्र तयार होण्यापूर्वीच इतर यंत्रे त्याला हाका मारू लागतात आणि जोडण्या तुटलेल्या दिसतात. म्हणून प्रथम राउटर, नंतर मुख्य यंत्र, ते पूर्ण सुरू झाल्यावर इतर यंत्रे, असा क्रम ठेवावा. वीज गेल्यानंतर राउटर मुख्य यंत्राला निराळा अंकपत्ता देण्याचाही संभव असतो. यासाठी जोडणी अंकपत्त्याने न करता यंत्राच्या नावाने करावी, अथवा मुख्य यंत्राचा पत्ता कायमचा ठरवून घ्यावा.

(४) जुने यंत्र असल्यास : फाइली वाटून घेण्याच्या पद्धतीची पहिली आवृत्ती, एसएमबी १, सुरक्षेच्या दृष्टीने कच्ची ठरली. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या विध्वंसक कार्यक्रमाने याच वाटेने जगभर धुमाकूळ घातला. २०१७ च्या अखेरीपासून नव्याने बसविलेल्या विंडोजमध्ये ती मुळातच बंद असते. त्यामुळे नवा संगणक जुन्या मुख्य यंत्राशी बोलू शकत नाही. अशा वेळी जुने दार पुन्हा उघडण्याचा मोह टाळावा व फाइली नव्या यंत्रावर हलवाव्या.

गैरहजर आणि नाव कमी झालेला

येथे हजेरीचाच दृष्टांत पुढे नेऊ. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे मूल आणि शाळा कायमची सोडून गेलेले मूल यांत आपण भेद करतो. पहिल्याचे नाव आपण कमी करीत नाही. त्याला शिक्षण हमी कार्ड देतो, शक्य असेल तर हंगामी वसतिगृहात ठेवतो आणि त्याच्या परतण्याची वाट पाहतो. दुसऱ्याची नोंद रीतसर पूर्ण करतो.

जोडण्यांचेही दोन प्रकार मानावे. कोठीत गेलेल्या यंत्राची जोडणी कायमची तोडावी. पण जे यंत्र आठवड्यातून एखाद्या दिवशीच चालू होते, किंवा जो लॅपटॉप शिक्षक केंद्रशाळेत नेतात व परत आणतात, त्याचा संबंध अजिबात विसरणे बरे नव्हे. अशा ठिकाणी ड्राइव्हची कायम जोडणी न ठेवता डेस्कटॉपवर त्या कप्प्याचा एक शॉर्टकट ठेवावा, आणि त्याला सामायिक कप्प्यातील चित्र न लावता साधे चित्रच राहू द्यावे. त्यावर टिचकी माराल तेव्हाच संगणक पलीकडे विचारणा करील. 'धिस पीसी'च्या दररोजच्या पुकारणीत तो येणार नाही. म्हणजे नाव पटावर राहते आणि हजेरीचा वेळही वाचतो.

कारण अन्य असल्यास

तारेच्या परीक्षेनंतरही विलंब टिकला, तर पुढील शक्यता पाहाव्या. डिस्क जवळजवळ भरली आहे काय? डिस्कमधून टक-टक असा आवाज येतो काय? आवाज येत असल्यास इतर सर्व सोडून प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर काढावी. एखादा नादुरुस्त पेनड्राइव्ह किंवा कार्ड खोचलेले राहिले आहे काय? विलंब एकाच कप्प्यात होतो काय? शेकडो छायाचित्रे असलेल्या कप्प्यात प्रत्येकाचे लघुचित्र तयार करण्यात वेळ जातो. त्या कप्प्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'कस्टमाइझ' या पानावर 'जनरल आयटेम्स' निवडल्यास पुष्कळदा सुधारणा होते.

शाळेत ठेवावयाची शिस्त

जडसंग्रह नोंदवहीत आपण बाक व फळे यांची नोंद ठेवतो. तिच्याच शेवटच्या पानावर संगणकांच्या जोडण्यांचा एक लहानसा तक्ता ठेवावा. कोणत्या यंत्रावर कोणते अक्षर, ते कोणत्या यंत्राच्या कोणत्या कप्प्याकडे जाते, कोणत्या दिनांकास जोडले, एवढे चार रकाने पुरेत. एखादे यंत्र निर्लेखित करण्याचा कागद तयार होईल, त्याच दिवशी हा तक्ता पाहून इतर यंत्रांवरील त्याच्या जोडण्या तोडाव्या. बाहेरून मिळालेला संगणक वापरास घेण्यापूर्वी यादीची परीक्षा अवश्य करावी.

जुन्या नोंदवह्यांच्या पानांची छायाचित्रे ज्या शाळांनी काढली आहेत, त्यांनी ती एकाच यंत्रात ठेवू नयेत. आपल्या मराठवाड्यातील कित्येक जुन्या शाळांतून निजामी राजवटीतील उर्दू नोंदी आहेत, काही ठिकाणी मोडीतील कागद आहेत. त्यांतील एका ओळीवर एखाद्या कुटुंबाचा दाखला अवलंबून असतो. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर कुलुपात, अशी व्यवस्था असावी. आणि फॉरमॅटचा प्रस्ताव लिहिण्यापूर्वी वरील तीन परीक्षा केल्याची नोंद त्याच कागदावर करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

वरच्या वर्गांतील मुलांनाही हा पाठ देता येईल. वर्गात हजेरीचा खेळ मांडावा. एकदा "नाही" असे उत्तर येऊ द्यावे, एकदा कोणीच बोलू नये, आणि दोन्ही वेळचे सेकंद मुलांनी फळ्यावर मांडावेत. नंतर त्यांच्याच हाती घड्याळ देऊन संगणकाची परीक्षा करवून घ्यावी. मोजणे, तुलना करणे व कारण शोधणे हे विज्ञानाचे तीन संस्कार एका तासिकेत होतात.

सारांश

१. उपायापूर्वी व उपायानंतर सेकंद मोजावे.
२. तार काढून पाहावी. मग जोडण्यांची यादी पाहावी.
३. तात्पुरती तुटलेली व कायमची मेलेली जोडणी यांत भेद करावा.
४. मेलेली तोडावी, अधूनमधून लागणारीचा शॉर्टकट ठेवावा.
५. 'डिस्कनेक्ट' करावे, 'डिलीट' नव्हे.
६. प्रत काढल्यावाचून फॉरमॅट करू नये.

आपापल्या शाळेत ही परीक्षा करून आलेले आकडे पुढील शिक्षण परिषदेत अवश्य मांडावेत. एका शाळेला उमगलेली गोष्ट केंद्रातील सर्व शाळांच्या उपयोगी पडेल आणि दाखल्यासाठी दारात उभ्या राहिलेल्या पालकाला विनाकारण तिष्ठावे लागणार नाही.